टीम लीड दिवसभर मीटिंगमध्येच असतो, मग काम कधी करतो?

आयटीतल्या मॅनेजरवर रील बनवणं हा आता स्वतंत्र धंदा झालाय. कानाला हेडफोन, तोंडात 'माझी स्क्रीन दिसतेय का?' आणि दिवसअखेरीस कोडची एक ओळ नाही. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो: हा माणूस पगार नेमका कशाचा घेतो?

हा प्रश्न गूगललाही पडला होता. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं इंजिनीअरिंग मॅनेजर ही पोस्टच काढून टाकण्यात आली होती. प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाची बिलं कुणी पास करायची, दोघांचं पटत नाही तर काय करायचं, असले प्रश्न घेऊन लोक थेट लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले. शेवटी मॅनेजर परत आले.

म्हणजे काम आहे, फक्त ते दिसत नाही. ते कसं असतं हे एका दिवसातून बघू.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत एक टीम लीड आहे. तिच्या हाताखाली आठ जण, त्यात सहा डेव्हलपर आणि दोन टेस्टर. क्लायंट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. अशा टीम पुण्यात पायलीला पन्नास सापडतील.

तिचा दिवस ऑफिसमध्ये सुरू होत नाही, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये सुरू होतो. आपण झोपलेलो असताना अमेरिकेत कामाचा दिवस चालू असतो. त्यामुळं सकाळी मोबाईलवर मेसेजचा ढीग पडलेला असतो. त्यातला नेमका कोणता आत्ता बघायचा आणि कोणता दुपारी, हे ठरवणं हे तिचं दिवसातलं पहिलं काम. ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टीमला, म्हणजे प्रॉडक्शनला, काही झालं असेल तर बाकीचं सगळं मागं पडतं.

दहा वाजता स्टँडअप. उभ्या उभ्या उरकायची मीटिंग म्हणून हे नाव. स्क्रम पद्धतीत तिला 15 मिनिटं दिलेली असतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच सांगायचं. बऱ्याच टीममध्ये तिची हजेरी होऊन जाते आणि प्रत्येक जण लीडकडे बघून पाढे म्हणतो. मुरलेल्या लीडचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे असतं. एखादा मुलगा तीन दिवस 'ऑलमोस्ट डन' म्हणतोय, म्हणजे तो कुठंतरी अडकलाय आणि विचारायला लाजतोय. स्टँडअप संपल्यावर ती त्याला चहाला घेऊन जाते. अर्ध्या तासात कळतं की दुसऱ्या टीमकडून जे हवं होतं ते आलेलंच नाही. मग एक फोन, आणि काम पुढं सरकतं. हा फोन कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

आता मुद्दा कॅलेंडरचा.

अमेरिकी प्रोग्रॅमर आणि गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांनी 2009 मध्ये एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की, मॅनेजरचा दिवस तासातासाच्या तुकड्यांचा असतो आणि घडवणाऱ्याचा दिवस किमान अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांचा. प्रोग्रॅमरला अवघड कोड लिहायचा तर आख्खी सकाळ सलग लागते. मधे 11 वाजता अर्ध्या तासाची मीटिंग टाकली की नुकसान अर्ध्या तासाचं होत नाही, सगळी सकाळ फुकट जाते.

लीडची गोची अशी की तिला दोन्ही दिवस जगायचे असतात. टीमची सकाळ मोकळी ठेवायची म्हणून त्यांच्याऐवजी मीटिंगला ती जाऊन बसते. तुम्हाला ती चार तास नुसती बोलताना दिसते, पण त्याच चार तासांत बाकीचे आठ जण कुणी हाक न मारता काम करत असतात. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी 1983 मध्येच आपल्या पुस्तकात हा हिशोब मांडला होता: मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचं आणि त्याचा प्रभाव पडतो त्या आसपासच्या टीमचं उत्पादन.

दुपार कोड रिव्ह्यूत जाते. इतरांनी लिहिलेला कोड मुख्य सिस्टीममध्ये जाण्याआधी वाचायचा, चुका दाखवायच्या. बरेच लीड इथं आपलं मूळ प्रेम भागवून घेतात. स्वतः अवघड काम अंगावर घेणं मात्र बहुतेकांना महागात पडतं, कारण मीटिंगच्या गराड्यात ते अडकून राहतं आणि मग आख्खी टीम लीडसाठी थांबते.

आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाशी वन-ऑन-वन असतं. दार बंद करून अर्धा तास. नियम साधा, कामाचा आढावा इथं घ्यायचा नाही. कुणाला पगाराचं बोलायचं असतं, कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणी दुसरीकडे इंटरव्ह्यू देत असतं. राजीनाम्याचा मेल येण्याआधी त्याची कुणकुण लागते ती इथंच. काम वाढलं की सगळ्यात आधी रद्द होते तीही हीच मीटिंग, आणि माझ्या मते आयटीतल्या निम्म्या रडारडीचं मूळ तिथं आहे.

दिवसातली खरी कसोटी लागते ती रात्री. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे 9 वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. क्लायंट ताजातवाना, ही जेवणाच्या ताटावरून उठलेली. तिकडून प्रश्न येतो: 'हे फीचर 15 सप्टेंबरपर्यंत होईल ना?'

कोड लिहायला चार दिवस पुरतील हे तिला माहीत असतं. पण टेस्टिंग आहे, रिव्ह्यू आहे, दुसऱ्या टीमवर अवलंबून असलेला एक तुकडा आहे. शिवाय त्याच दिवसांत गणपती आले, तर टीममधले तिघं कोकणात. क्लायंटच्या कॅलेंडरवर गणपती नसतो. तो त्याला आजच सांगणं हे लीडचं काम आहे, शेवटच्या आठवड्यात नाही.

त्या क्षणी 'हो' म्हणणं सगळ्यात सोपं असतं. कॉल दोन मिनिटांत संपतो, वरचे साहेब खूश. पण तिनं उच्चारलेल्या एका 'हो'ची किंमत आठ घरांना शनिवार-रविवार देऊन मोजावी लागते. नुसतं 'नाही' म्हणूनही भागत नाही. 15 तारीखच हवी असेल तर फीचरमधलं काय वगळायचं, किंवा सगळंच हवं असेल तर कोणती तारीख, असे पर्याय समोर ठेवावे लागतात.

मग ठरलेलं उत्तर येतं: 'अजून दोन माणसं देतो.' यावर फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. आयबीएममध्ये ओएस/360 ही अवाढव्य सिस्टीम बनवताना आलेल्या अनुभवातून त्यांनी सांगितलं की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचा वेळ जातो. वर संवादाचं गणित बिघडतं. आठ जणांत दोघादोघांच्या 28 जोड्या होतात, दहा जणांत 45. माणसं दोन वाढली, पण जोड्या सतरा वाढल्या.

हे सगळं जमायला जे लागतं ते कोडिंगच्या परीक्षेत कधी विचारलेलं नसतं. चांगले मॅनेजर काय वेगळं करतात याचा गूगलनं 'प्रोजेक्ट ऑक्सिजन'मधून पुढं अभ्यास केला. त्यातून निघालेल्या आठ गोष्टींच्या यादीत सर्वात वर होतं चांगला प्रशिक्षक असणं, आणि तांत्रिक कौशल्य आठव्या नंबरावर.

आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी उत्तम कोड लिहिणाऱ्यालाच लीड करतात, कारण पगार वाढवायची दुसरी शिडी नसते. काही कंपन्यांनी आता दोन शिड्या ठेवल्यात. माणसं सांभाळायची नसतील तर स्टाफ इंजिनीअर, प्रिन्सिपल इंजिनीअर अशा पोस्टवरून वर जाता येतं. ज्यांच्याकडे ही सोय नाही, तिथं कंपनी एक चांगला प्रोग्रॅमर गमावते आणि टीमच्या वाट्याला वैतागलेला लीड येतो.

बाकी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागं जातात. त्यानंतर मार्चपर्यंत साडेनऊचा कॉल साडेदहाला असतो. सकाळचं स्टँडअप दहालाच.