आरटीईची सोडत कॅथलिक शाळेत का चालत नाही?

ठाणे : जूनची तयारी करताना कोलशेतमधील पालकांनी एक गोष्ट आधी तपासावी. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा आरटीईतून मोफत भरल्या जातात. अल्पसंख्याक दर्जाच्या कॅथलिक शाळांना मात्र ही अट लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ निकालात तसे स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. तोवर जुनाच निकाल लागू. म्हणून अशा शाळेसाठी सोडतीच्या भरवशावर थांबू नका. शाळेचा अर्ज वेगळा भरा आणि फीचा हिशेब आधीच करा.

मराठीचे काय? २०२० च्या कायद्याने ती या शाळांतही सक्तीची आहे, तीही पहिलीपासून. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना तेवढाच दिलासा!