थुंकी गप्प राहते तेव्हा...

खोकला नाही, थुंकीत जंतू नाहीत, छातीचा फोटोही साफ. मग क्षय कसला? धुळ्याच्या वा जळगावच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीचा रुग्ण डोळ्यांदेखत झिजत चालला की घरच्यांना हा प्रश्न पडणारच. फुप्फुसात पोकळी पडते ती शरीर जंतूंशी झगडते म्हणून. रक्तातील सीडी-४ पेशी दोनशेच्या खाली उतरल्या की झगडायलाच कोणी उरत नाही. पोकळी नाही, म्हणून थुंकीत जंतू कमी. ते रक्तावाटे प्लीहा, यकृत, मेंदूपर्यंत पांगलेले असतात. एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा मारेकरी आजही क्षयच आहे.

मग रक्तच तपासावे, हे ओघाने आले. आपल्याकडे ते वर्षानुवर्षे तपासलेही गेले. खासगी प्रयोगशाळांत क्षयाच्या प्रतिपिंडांची तपासणी सर्रास होई. पण क्षयाचा जंतू अंगात निद्रिस्त असलेली धडधाकट माणसे या देशात कोट्यवधी आहेत. प्रतिपिंडे त्यांच्याही रक्तात सापडतात. उलट ज्याची प्रतिकारशक्ती संपली, त्याच्या रक्तात ती पुरेशी तयारच होत नाहीत. म्हणजे निरोग्याला औषधे आणि रोग्याच्या हाती 'निगेटिव्ह'चा कागद! जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या तपासण्या वापरू नका असे बजावले. जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांवर बंदी घातली. उशिरा का होईना, बरे झाले.

आता रक्ताला वेगळा प्रश्न विचारला जातो. अंगात दाह असला की यकृत 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' नावाचे प्रथिन जास्त बनवते. ते लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर एचआयव्हीबाधिताची क्षयासाठी पुढची तपासणी करावी, असे ही संघटना २०२१ पासून सांगते. हे निदान नव्हे, नुसता इशारा. न्यूमोनियातही ते वाढते.

गंमत अशी की, या रुग्णांत रक्ताआधी उपयोगी पडली ती लघवी. जंतूच्या कवचातील 'लॅम' हा पदार्थ लघवीत उतरतो. प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली, तितका तो सापडण्याचा संभव अधिक. कागदी पट्टीवर २५ मिनिटांत निकाल मिळतो. आफ्रिकेतील चार देशांच्या रुग्णालयांत ही पट्टी वापरून पाहिली. आठ आठवड्यांतील मृत्यू शेकडा २५ वरून २१ वर आले, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पट्टी काही रुग्ण चुकवते, हेही खरे.

तरी सातपुड्याच्या पायथ्याहून, चोपडा-शिरपूरकडून एसटीने आलेल्या रुग्णाला संध्याकाळच्या गाडीने परतायचे असते. त्याच्या हिशेबात २५ मिनिटे आणि 'परवा या' यांत फार अंतर आहे.