कॅडबरीतलं दूध

जांभळ्या वेष्टनातली डेअरी मिल्क उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचणारी माणसं थोडी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यादीत पहिली साखर, दुसरे दुधाचे घनपदार्थ. कोको बटर आणि कोको मागून येतात. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांचा कलही तसाच आहे. मिल्क चॉकलेटमध्ये स्निग्धांश सोडून उरलेला कोको अडीच टक्के असला तरी चालतो, पण दुधाचे स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ साडेदहा टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाहीत. म्हणजे चॉकलेट म्हणून खपणारी ही वडी मुळात साखर-दुधाची.

या दोन जिनसा अहिल्यानगर जिल्ह्याच्याच. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीला उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. दुधाचं म्हणाल तर संगमनेर, राहाता, राहुरी, अकोले या पट्ट्यात सकाळी साडेसहाला कुठल्याही गावाच्या संकलन केंद्रावर जा. कॅन घेतलेल्या मोटारसायकलींची रांग, मशीनमध्ये चमचाभर दूध आणि हातात चिठ्ठी : फॅट इतकी, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) इतकं. गायीच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर ठरतो, त्यामुळे फॅट एका पॉइंटने कमी लागली तरी चेहरा पडतो. चॉकलेट कंपनीलाही दुधातून हेच दोन आकडे हवे असतात. बाकीचं पाणी तिला नकोच असतं. मिल्क चॉकलेटचा सगळा इतिहास हे पाणी घालवण्याचा आहे.

स्वित्झर्लंडच्या व्हेवे गावातला डॅनियल पीटर मूळचा मेणबत्त्या करणारा. लग्न चॉकलेटवाल्या कायेच्या मुलीशी झालं आणि मेणबत्त्यांचा धंदाही बसत चालला होता, तेव्हा तो सासऱ्याच्या व्यवसायाकडे वळला. कोकोत दूध घालायची कल्पना सोपी होती, पण दुधातल्या पाण्याने मिश्रणाला बुरशी धरायची. आटवलेलं दूध वापरून १८७५ च्या सुमाराला त्याने हा तिढा सोडवला. दुधापासून बालआहार बनवणारे हेन्री नेस्ले त्याच गावात होते. पुढची दोन-तीन दशकं मिल्क चॉकलेट म्हणजे स्विस, असंच समीकरण होतं.

इंग्लंडमधल्या कॅडबरीला हे सलत होतं. जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये दुकान घातलं तेव्हा तो चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट विकायचा. घराणं क्वेकर पंथाचं, दारूच्या विरोधातलं. त्याच्या मुलांनी १८७९ मध्ये कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिलला नेला आणि पुढे भोवती घरं, बागा, मैदानं असलेलं गावच वसवलं. गावात दारूचा गुत्ता मात्र नाही. लोणीच्या साखर कारखान्याभोवती शाळा-दवाखाना उभा राहिलेलं प्रवरानगर ज्याने पाहिलंय, त्याला हे फार परकं वाटणार नाही. कॅडबरीचं पहिलं मिल्क चॉकलेट १८९७ चं. ते रवाळ आणि कोरडं होतं, स्विस मालापुढे टिकलं नाही. मग धाकट्या जॉर्ज कॅडबरीने दुधाचं प्रमाण वाढवून नवी कृती बसवली आणि १९०५ मध्ये डेअरी मिल्क बाजारात आली. ‘अर्धा पौंड चॉकलेटमागे दीड ग्लास दूध’ ही जाहिरात १९२८ ची. कोकोची फुशारकी न मारता दुधाची मारायची, ही त्यांची खरी हुशारी.

चवीचं गुपितही दुधातच आहे. स्विस पद्धत पुढे दूध पावडरीकडे गेली. कॅडबरीने दूध आणि साखर आटवून, त्यात कोकोचा लगदा मिसळून ते मिश्रण कोरडं वाळवण्याची वाट धरली. या वाळलेल्या ढेकळांना धंद्यात ‘क्रम्ब’ म्हणतात. आटताना दुधातली प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि हलकी खरपूस, करपण्याच्या अलीकडची गोडी उतरते. कढईला खवा धरतो तेव्हा सुटणारा वास तो हाच. पेढ्यावर वाढलेल्या जिभेला कॅडबरी पहिल्या घासातच का पटली, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. क्रम्बचा आणखी एक फायदा म्हणजे ते महिनोन्महिने टिकतं. दुधाच्या धंद्यात पुष्टकाळ आणि कृशकाळ असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही संघाच्या चेअरमनला विचारा. पुष्टकाळातलं जादा दूध तिकडे असं साठवलं जायचं.

भारतात कंपनी १९४८ मध्ये आली, आधी आयात मालासह. मग ठाण्याला कारखाना झाला (आता तिथल्या चौकालाच कॅडबरी जंक्शन म्हणतात), तळेगावजवळ इंदोरीला दूधप्रक्रिया आली आणि १९६५ पासून केरळात कोकोची लागवड. तरी चॉकलेट म्हणजे पोरांचा खाऊ, हा समज जायला १९९४ ची ती जाहिरात यावी लागली. षटकार पडताच मैदानात नाचत शिरणारी मुलगी ज्यांना आठवत नाही, त्यांचं वय विचारायला नको. राखी-दिवाळीच्या बॉक्सांनी उरलेलं काम केलं.

मधे एक मोठा झटका बसला. ऑक्टोबर २००३ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या सापडल्या. दोष साठवणुकीचा, असं कंपनीचं म्हणणं होतं, पण विक्री कोसळलीच. पुढच्या वर्षी बंद पाकिटातलं नवं वेष्टन आलं आणि सोबत जाहिरातीत अमिताभ बच्चन.

अहिल्यानगरच्या वाचकांसाठी एक खुलासा. उन्हाळ्यात वडीवर जो पांढुरका थर दिसतो, ती बुरशी नव्हे. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. दुकानातल्या फ्रिजची वीज दुपारी गेली की ते सुटतं आणि पुन्हा थंड होताना वर येऊन गोठतं. अशी वडी खाल्ल्याने अपाय होत नाही, मजा मात्र जाते.

आता दुधाकडे परत. श्रीरामपूरची प्रभात डेअरी २०१५ मध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या मोठ्या ग्राहकांत मोंडेलीझ होती. म्हणजे कॅडबरीच, मालक आणि नाव बदललेली. प्रभातचा दूधधंदा १,७०० कोटींना फ्रान्सच्या लॅक्टालिसने घेतल्याची घोषणा जानेवारी २०१९ ची. जिल्ह्यातलं दूध परदेशी कंपन्यांच्या साखळीत केव्हाच जाऊन बसलंय. पण १ जून २०१७ ला पुणतांब्याहून शेतकरी संप निघाला आणि रस्त्यांवर दूध ओतलं गेलं, ते दरासाठीच. जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी धरण्यावर बसले होते, मागणी लिटरला ४० रुपयांची. सरकारने जाहीर केलं ते ३० रुपये दर अधिक पाच रुपये अनुदान. त्याच वर्षी कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, त्याची बातमी जगभर झाली.

साधा हिशेब करू. कॅडबरीचं ब्रिटनमधलं प्रमाण २२७ ग्रॅम चॉकलेटमागे ४२६ मिलिलिटर दूध असं आहे. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत सुमारे १८८ मिलिलिटर. २०२४ च्या तीस रुपये दराने या दुधाचे सहा रुपयेही होत नव्हते. अनुदान धरलं तरी सात होत नव्हते. कोको, साखर, वीज, वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचं कमिशन हे सगळे खर्च खरे आहेत, कोणी फुकट धंदा करत नाही. तरीही ज्या जिनसेच्या नावावर ही वडी शंभर वर्षांहून जास्त खपली, तिच्या वाट्याला येणारी रक्कम ही एवढी.

याला दुसरी वाट नाही असं मात्र नाही. अमूल १९७० च्या दशकापासून चॉकलेट करतं. आणंदजवळच्या मोगरच्या वाढीव प्रकल्पाचं उद्घाटन ३० सप्टेंबर २०१८ ला झालं. कर्नाटकात पुत्तूरला सुपारी-कोको उत्पादकांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालतो. त्यांच्यापैकी एकाकडे दूध होतं, दुसऱ्याकडे कोको. अहिल्यानगर जिल्ह्यात दूध आणि साखर एकाच तालुक्यात, पुष्कळदा एकाच सभासदाच्या सातबाऱ्यावर आहेत, कोको तेवढा बाहेरून आणावा लागेल. दूध संघांच्या वार्षिक सभांत दिवाळीच्या रिबेटचा दर विचारून झाला की सभासदांनी अध्यक्षांना हाही प्रश्न विचारावा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.