कालव्याच्या मजुरांचा ठेका

हिशेबाची वही आज जरा बाजूला ठेवू या. १ ते ८ मोजा. १ आणि ५ ला पाय आपटायचा, ४ आणि ७ ला टाळी वाजवायची, की पुन्हा १ पासून. ४ ची टाळी ५ च्या पावलाच्या अगदी तोंडावर पडते, म्हणून अंग आपोआप डुलतं. या ठेक्याला डेम्बो म्हणतात. स्पॅनिश भाषेतली बहुतेक रेगेटॉन गाणी यावर चालतात.

हा ठेका मूळचा जमैका बेटावरचा. तिथे मोठे कर्णे लावून तबकड्या वाजवायच्या आणि नुसत्या वाजपावर माईक घेऊन गात-बोलत राहायचं, याला डान्सहॉल म्हणतात. शब्बा रँक्स या जमैकन गायकाच्या 'डेम बो' गाण्यावरून ठेक्याला नाव पडलं.

मग तो स्पॅनिशमध्ये गेला कसा? मजुरांमुळे. १९०४ ते १९१४ या काळात पनामाचा कालवा खणला गेला. जमैका, बार्बाडोस अशा बेटांवरून हजारो काळे मजूर तिथे आले. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत, यांना चांदीच्या, आणि तोही कमी. काम संपलं तरी पुष्कळजण तिथेच राहिले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात बेटावरची बोली आणि शाळेत, बाजारात स्पॅनिश. एल हेनेराल, नांदो बूम असे गायक या पनामातलेच. त्यांनी जमैकाच्या वाजपावर स्पॅनिश शब्द बसवले.

पुढे प्वेर्तो रिको बेटावर गरीब वस्त्यांतल्या पोरांनी त्यात रॅप मिसळलं आणि कॅसेटी हातोहात फिरवल्या. १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या कॅसेटी जप्त केल्या. गाणी अश्लील आहेत, हे कारण. खरं सांगायचं तर त्यांत बाईविषयी वाह्यात बोलणं भरपूर होतं, ते आम्ही झाकणार नाही. पण छापे पडले ते गरिबांच्या गाण्यावर, हेही तितकंच खरं. २००४ मध्ये डॅडी यांकीचं 'गासोलिना' आलं आणि तोच ठेका जगभर वाजू लागला.

आम्हाला यात सगळ्यांत आवडते ती आयव्ही क्वीन. प्वेर्तो रिकोचीच. पुरुषांच्या त्या घोळक्यात ती भरड्या, जाड आवाजात गायला उभी राहिली. तिच्या 'किएरो बायलार' या गाण्याच्या नावाचा अर्थ 'मला नाचायचंय'. सोबत नाचली म्हणून पुरुषाने पुढचा हक्क गृहीत धरू नये, असं ती त्यात सुनावते.