बाजारहत्नूरचं पाणी, कोरिंगाची खारफुटी

कडम नदी उगम पावते ती बाजारहत्नूरजवळ. आदिलाबादच्या सागवानी रानातून वाट काढत ती कुंतालाला सुमारे ४५ मीटर खाली झेपावते, कातळाच्या पायऱ्यांवरून, टप्प्याटप्प्याने. पावसाळा सरता सरता हा धबधबा पाहावाच!

पुढे कडमचं धरण लागतं. १९५८ च्या पुरात ते फुटलं होतं.

मग ती गोदावरीला मिळते. गोदावरीच्या त्र्यंबकेश्वरच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, तरी ती पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर चालते. धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केलेला बंधारा ओलांडला की गौतमी आणि वसिष्ठा असे तिचे फाटे फुटतात. गौतमीच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी पसरली आहे: चिखलातून वर आलेली श्वासमुळं, भरतीचं खारं पाणी, त्यात पाणमांजरं. इथलं नांदतं बंदर १८३९ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलं.