देहाचे दफ्तर

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिने यज्ञांची नावे, दान दिलेल्या गाई-घोड्यांची आणि कार्षापणांची गणती दगडावर कोरून ठेवली. आणि त्याच तालुक्यात खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांचे क्षीण रेडिओतरंग टिपीत उभ्या आहेत. या दोहोंच्या मधल्या नारायणगावात दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी ठरवितात, तारीख आणि बिदागी करारात रीतसर नमूद होते. परंतु ज्या पदन्यासासाठी हा सारा व्यवहार, त्याचा मजकूर कोणत्याच दफ्तरात दाखल होत नाही.

अशी नोंद शास्त्रशुद्ध रीतीने करता येते, हे मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी दाखवून दिले. कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या विदुषीने १९७०-७१ च्या सुमारास केरळात जाऊन कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा आणि कल्याणीकुट्टी अम्मा या नर्तकींचे मोहिनीअट्टम चित्रफितीवर घेतले आणि एखाद्या साक्षीदाराची जबानी पारखावी तशा साक्षेपाने त्यातील देहगतींचे पृथक्करण केले. १९६६ साली स्थापन झालेले त्यांचे नालंदा नृत्य संशोधन केंद्र आणि पुढे निघालेले नृत्यकला महाविद्यालय यांतून या अभ्यासाला विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली. २०२३ साली त्यांचे निधन झाले. पद्धती मात्र मागे राहिली.

चित्रफीत हालचालीचे बाह्य रूप राखते. ती हालचाल कशी सिद्ध झाली, हे पृथक्करणाने कळते. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या नृत्यलिपीत चिन्हाचा आकार दिशा सांगतो, छटा पातळी सांगते, लांबी कालावधी सांगते. आणि ती खालून वर वाचली जाते. आजच्या यंत्रपद्धतीत सांध्यांवर खुणा लावून त्यांची अवकाशातील स्थाने संगणकात साठविता येतात. तथापि ढोलकीच्या थापेस टाच किंचित उशिरा टेकविण्यात, अथवा दोन्ही हातांनी पदर डोक्यावर धरून गिरकी घेताना कमरेवर भार तोलण्यात जी समज असते, तिचा अर्थ नर्तकीलाच सांगावा लागतो.

तमाशा-कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्र आदराने सांगतो. पण त्यांच्या पावलांचे व्याकरण सांगणारा ग्रंथ आपण लिहिला नाही. २००२ साली त्या निवर्तल्या, आणि जे देहात होते ते देहाबरोबर गेले. ज्यांची कला मनसोक्त पाहिली गेली, त्यांना जातीच्या आणि बाईपणाच्या दुहेरी उपेक्षेमुळे विद्येच्या अधिकारी मानण्यास आपण कचरलो, हेच या अभावाचे खरे कारण होय.

म्हणून आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांचे करार ज्या राहुटीत लिहिले जातात, त्याच राहुटीत फडातील ज्येष्ठ नर्तकीस मानाने बसवावे. तिचे नृत्य टिपावे, प्रत्येक अदेस ती जो शब्द वापरते तोच शब्द नोंदीत घालावा, या कामाची बिदागी तिला द्यावी आणि तयार झालेल्या दस्तऐवजावर कर्ती म्हणून तिचे नाव घालून त्याची एक प्रत तिच्या हाती ठेवावी.