बांधावरची काँग्रेस



पाऊस लागून महिना झाला की आपल्या शिवारात उसाच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट वर येते. पानं गाजराच्या पाल्यासारखी, फुलं बारीक, पांढरी. कृषी खात्याच्या पत्रकात त्याला गाजर गवत म्हणतात, काही गावांत चटकचांदणी म्हणतात, आणि आपण सगळ्या काँग्रेस म्हणतो. पंचगंगेत जलपर्णी साठली की पेपरात फोटो येतात, निवेदनं दिली जातात. बांधावरची काँग्रेस रोज नजरेसमोर असते, म्हणून तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ती उपटतं कोण, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. भांगलणीला बायकाच असतात.

माझ्या चुलत जावेचं सांगते. दहा-बारा वर्षं ती रोजानं भांगलायला जायची. आधी बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची, मग मनगटावर, मग मानेवर आणि डोळ्यांच्या पापण्यांवर. उन्हात गेली की आग व्हायची. घरातले म्हणायचे उष्णता झाली, ताक पी. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती लावली की चार दिवस बरं वाटायचं, सोडली की दुप्पट व्हायचं. शेवटी चामडीच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काँग्रेस हातानं उपटता का?’ तेव्हा कुठं उलगडा झाला. या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. काहींच्या अंगाला ते पहिल्या वर्षी काहीच करत नाही, पण वर्षानुवर्षं लागत राहिलं की शरीर त्याला चिडतं, आणि एकदा चिडलं की पुन्हा शांत होणं अवघड. परागकणांनी शिंका येतात, कुणाला दमाही लागतो. माझी जाऊ आता भांगलणीला जात नाही. म्हणजे तिचा रोजगार गेला.

हे गवत आपलं नव्हे. ते मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या बाजूचं. आपल्या देशात त्याच्याकडं लक्ष गेलं ते 1955 साली, पुण्यात. परदेशी गव्हाबरोबर बी आलं आणि तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं, म्हणून हे नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात. कुणी म्हणतं, फुलं टोपीसारखी पांढरी म्हणून. ते काही असो. तिकडं त्याला खाणारे किडे होते, इकडं ते आले नाहीत. आपली जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्यातून पोटात गेलंच तर दुधाला कडवटपणा येतो. शिवाय त्याच्या मुळा-पानांतून जे झिरपतं, त्यानं शेजारच्या पिकाचं बी नीट उगवत नाही.

आता मुख्य गोष्ट, बियांचा हिशेब. एक झाड 15 ते 25 हजार बिया टाकतं. बी हलकं, वाऱ्यानं उडतं, पाण्यावर तरंगतं, ट्रॅक्टरच्या चाकाला चिखलातून चिकटतं, मुरमाच्या डंपरमधून येतं. 2019 च्या महापुरानंतर आमच्या ओढ्याकाठच्या वावरात असे पट्टे उठले, जिथं आधी हे गवत औषधालाही नव्हतं. मातीत गाडलेलं बी चार-सहा वर्षंही जिवंत राहतं. ओल मिळाली की उगवतं आणि उगवल्यापासून महिन्या-सव्वा महिन्यात फुलावर येतं. वर्षात त्याच्या तीन-चार पिढ्या सहज होतात. म्हणजे फुललेली दहा झाडं आपण ‘राहू दे, उद्या बघू’ म्हणून सोडली, तर दीड-दोन लाख बिया पेरल्या.

आमचं सामाईक वावर सात एकर, एका अंगाला पाणंद, दुसऱ्या अंगाला ओढा. पहिल्या वर्षी आम्ही बचत गटातल्या नऊ जणी पैऱ्यानं कामाला लागलो आणि सुरुवात केली ती जिथं सगळ्यात दाट माजलं होतं तिथून, पाणंदीच्या कडेला. सहा दिवस त्यातच गेले. कंबरा धरल्या. दरम्यान वावराच्या आतल्या बाजूला, जिथं इथं एक तिथं दोन अशी झाडं होती, ती फुलली, पिकली, सांडली. पुढच्या पावसाळ्यात दाट पट्टा होता तिथंच होता आणि विरळ जागा दाट झाली होती.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. आधी चांगल्या जागेतली एकटी-दुकटी झाडं काढली. त्याला दोन सकाळी पुरल्या. मग विरळ जागेच्या कडा. मग पाण्याच्या वरच्या अंगाचा बांध, कारण तिथलं बी वाहून खाली येतं. दाट पट्ट्याला सगळ्यात शेवटी हात घातला, तोही आतल्या बाजूनं पाणंदीकडं सरकत. फुलं आलेल्या भागाचे तेवढे शेंडे आधी खुडून पोत्यात घेतले. मोठं रान असेल तर हाच क्रम धरा. गायरानाला, शाळेच्या मैदानाला, पाणंदीलाही हाच. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक फेरी, मग पुन्हा एक. दुसरी फेरी एका दिवसात होते. ती टाळली तर पहिलीचे कष्ट वाया.

उपटायचं कधी? पाऊस पडून गेल्यावर, जमीन मऊ असताना, फूल दिसायच्या आधी. तेव्हा पानं जमिनीला चिकटून चाकासारखी पसरलेली असतात. त्याला सोटमूळ असतं, ते सगळं आलं पाहिजे. वरून विळ्यानं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं आणि यावेळी बुटकंच फुलतं, म्हणजे नजरेलाही पडत नाही. सरपंचांनी गवत कापायचं यंत्र फिरवून ‘गाव स्वच्छ’ म्हणून फोटो काढले, तर त्यांना हे सांगा.

हाताला रबरी मोजे घाला. नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधा. उसात जाताना आपण साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, तोच इथंही, बाह्या पूर्ण खाली. नाका-तोंडावर पदर घट्ट. घरी आल्यावर हात-तोंड साबणानं धुवा आणि ते कपडे लेकरांच्या कपड्यांत टाकू नका. जिला आधीच खाज सुटते तिनं या कामाला येऊच नये. तिला हिशेब ठेवायला, पाणी द्यायला लावा, पण पैऱ्यातून काढू नका. मेडिकलमधली ट्यूब डॉक्टरला न विचारता लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं.

तणनाशकाचं सगळ्या विचारतात. ग्लायफोसेट दिसेल ते हिरवं मारतं, चांगलं गवतही. मग उघड्या जमिनीवर पहिली उगवते ती काँग्रेसच. त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये निर्बंधही घातले. टू-फोर-डी वाऱ्यानं उडून शेजारणीच्या टोमॅटोवर गेलं तर भांडण ठरलेलं. मारायचंच असेल तर पीक कुठलं ते सांगून कृषी सहायकांना विचारा. मिठाचं पाणी फवारायलाही सांगतात. रस्त्याकडेला त्यानं गवत मरतं खरं. पण हातकणंगले-शिरोळकडं क्षारपडीनं किती जमिनी गेल्यात ते आपण बघतोय. मी माझ्या बांधाजवळ मीठ येऊ देणार नाही.

एक भुंगा मात्र आपल्या बाजूचा आहे. 1983 साली तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि पारख करून सोडला. मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. पावसाळ्यात तो या गवताची पानं खातो आणि थंडीच्या सुमाराला मातीत जाऊन झोपतो. दिसला तर तिथं कीटकनाशक मारू नका. जास्त असतील तर डब्यात गोळा करून दुसऱ्या दाट पट्ट्यावर सोडा. तो सगळं संपवत नाही, पण फुलं कमी करतो.

जमीन मोकळी ठेवू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. बांधावर मारवेल किंवा हत्तीगवत लावा, म्हशीलाही होतं. पडीक जागेत टाकळा टाका. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या शेंगा गोळा करा आणि वळवाच्या आधी बी फेका. तो दाट उगवला की काँग्रेसला डोकं वर काढू देत नाही आणि कोवळ्या पानांची भाजी आपल्याला मिळते.

उपटलेल्याचं खत होतं, पण फूल यायच्या आधीच्याच झाडाचं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. गवताचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असं भरत जमिनीच्या फूटभर वर न्या आणि शेणामातीनं लिंपा. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं.

गेल्या वेळी एका मैत्रिणीनं विचारलं होतं, फुलावर आलेलंच हाती लागलं तर? बांधावर ढीग करू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. हलवायच्या आधी शेंडे अलगद खताच्या पोत्यात वाकवून खुडा, तोंड बांधा आणि नांगर कधी जाणार नाही अशा जागी तीन फूट खोल पुरा. पोतं फाटकं नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.